दुपारी बघायचा

शेषराव गेल्याची बातमी सकाळी नऊला फोनवर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुपारी परत सांगा." त्यांच्या पुतण्याने बिचाऱ्याने फोन ठेवला... दुपारी त्याने खरंच फोन केला. बातमी तीच होती. माझं ते वाक्य मात्र मुळात शेषरावांचं होतं. आमच्या कडा गावात वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या या माणसाने सकाळी चाललेल्या सेटवर कधी विश्वास ठेवला नाही, आणि त्याला कारण मी.

एका जुन्या दुष्काळात आमची पाणी सोसायटी टँकर वायरलेसवर हाकायची. मी ऑपरेटर. रोज सकाळी ड्रायव्हर रांगेत उभे करून मोठ्या थाटात त्यांचे सेट चेअरमनसाहेबांच्या ऑफिसातल्या सेटशी जुळवायचो. साहेबांचाच सेट चुकत असेल, ही शंका कुणाला शिवली नाही. दुपारी मात्र पत्र्याच्या ऑफिसातून हाका मारून माझा घसा बसायचा आणि एकही टँकर ओ देत नसे. एकदा भरायची विहीर आटली, दुसरीवर जा हा निरोप पोचलाच नाही, आणि एक वस्ती दोन दिवस कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळीच बाया रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसच्या दारात बसल्या. शहरातला मेकॅनिक आधीच दोनदा चिप बदलून गेला होता. साहेबांनी शेषरावांना बोलावून टँकरचे सेट पुन्हा जुळवायला सांगितले.

"न्हाई जुळवत," शेषराव म्हणाले. "आधी तुमचा उघडा, साहेब."

ऑफिसातला पंखासुद्धा दबकून फिरू लागला. शेषरावांनी सेट उघडला. चिपशेजारच्या नखाएवढ्या पत्र्याच्या डबीवर, म्हणजे क्रिस्टलवर बोट ठेवून मला म्हणाले, "चिप गरीब हाय बे. हलगीवाला ठोका देईल तशी ती नाचती. ठोकाच घसरला तर तिनं काय करावं?" मग सोल्डरिंगची तापलेली सळई त्यांनी क्रिस्टलजवळ नुसती धरली. अंगणातल्या टँकरमधून येणारा आवाज हळूहळू फाटत बंद पडला. सळई बाजूला नेली, फुंकर घातली, आवाज परत आला. साहेबांनी स्वतः तीनदा करून पाहिलं, लहान मुलासारखं.

शेषरावांनी ते क्रिस्टल काढलं आणि उन्हातही ठोका न सोडणारं दुसरं, एका जुन्या सेटमधलं, बसवलं. वायर बोटभरच ठेवली, ठोका चिपपर्यंत स्वच्छ पोचावा म्हणून. सेट लगेच बोलायला लागला. मी टाळ्या वाजवल्या. ते मात्र उठेनात. "सकाळी समदेच नीट बोलतेत," म्हणाले आणि पत्र्याखाली घाम गाळत बसून राहिले. भर दुपारी पाचही टँकरनी ओ दिली, तेव्हाच त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या आणला. तो बाजूला ठेवून म्हणाले, "आधी वस्तीवर पोचू दे."

तेराव्यानंतर त्यांच्या दुकानात गेलो. टेबलावर एक सेट होता, त्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: दुपारी बघायचा. दोन वाजेपर्यंत थांबलो, सेट बाहेर पत्र्याखाली नेला, बटण दाबलं. पलीकडे, दुसरा सेट देऊन मीच बसवलेला, आमचा जुना ड्रायव्हर बाबूमियाँ होता.

"येतोय आवाज," तो म्हणाला. "एकदम साफ."

चिठ्ठीवर खाली मी लिहिलं... बघितला.