जुन्या डिस्कची केबल

ते रोज सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला येत, चपला बाहेर काढत आणि क्षणभर डोळे मिटून खुर्चीत बसत. संत्रा उत्पादकांच्या सोसायटीत तेव्हा कॉम्प्युटर नुकताच आला होता. ते ऑपरेटर, आणि कॉलेज सांभाळून मी त्यांच्या हाताखाली. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिलाच.

मशीनमध्ये आता दुसरी हार्ड डिस्क बसवली होती. जुनीवर डॉस होतं आणि मी दोन महिने टाइप केलेली शेतकऱ्यांची गाववार यादी. तिची फ्लॉपीवर नक्कल नव्हती. नवीवर डॉसऐवजी युनिक्स ही सिस्टिम टाकायची होती. एका डिस्कला हात लावण्याआधी ते दुसरीची केबल काढून ठेवत. "मशीनले काय समजते बाबू, कोणती ठेवाची न् कोणती पुसाची?" असं थकल्या आवाजात म्हणत.

त्या दुपारी "जुनीची केबल काढून ठेव, मी चहा पिऊन येतो," असं सांगून ते गेले. मी घाईत नवीचीच काढली आणि ते यायच्या आत, नवी समजून जुनीच फॉर्मॅट करून बसलो.

यादी पुसली गेल्याचं कळताच मॅनेजर ओरडतच आले. "कोणं केलं हे? त्याले आजच घरी पाठवतो!"

"माया हातून झालं साहेब," चहा पिऊन परतलेले ऑपरेटर म्हणाले. "बुढा होऊन राहिलो आता."

"मंग घरी बसा ना!"

खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी बससाठी निघताना ते एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर ये. यादी सावरगावपासून सुरू करू."