उलटा हत्ती

"मॅडम, लवकर या! स्टेलमेट!" कुलकर्णी सर ओरडले ते घड्याळ थांबवूनच.

मी बुद्धिबळाची पंच. त्या रविवारी रबाळ्यातल्या एका कॅन्टीनमध्ये कंपन्यांची स्पर्धा होती आणि शेवटचा डाव उरला होता. कुलकर्णी क्वालिटी मॅनेजर, मागच्या वर्षीचा चषक त्यांच्याच कंपनीकडे. त्यांना बरोबरीही पुरत होती. समोर पावणे गावच्या वर्कशॉपमधल्या, डिस्पॅचच्या सुनीता म्हात्रे. त्यांना जिंकणं भागच होतं. अख्खं वर्कशॉप त्यांच्या पाठीशी उभं, वड्यांकडे कोणी बघतही नव्हतं.

पटावर दोन राजे आणि सुनीताताईंचं एक प्यादं. ते शेवटच्या रांगेत पोचलं. तिथे पोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येतो. पण कुलकर्णींना मारलेली सोंगटी बोटांत फिरवत बसायची खोड, आणि नेमका ताईंचा वजीर त्यांच्या मुठीत. मागायचा कसा, म्हणून ताईंनी बाजूला पडलेला आपला हत्ती उचलला, उलटा ठेवला, "वजीर" म्हणाल्या आणि घड्याळ दाबलं. सोसायटीत सगळे असंच खेळतात.

"माझ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही," सर खुशीत म्हणाले. "डाव बरोबरीत!"

वजीर असता तर खरंच तसं झालं असतं.

"सर, पण वजीर कुठाय?" मी विचारलं.

"हा काय, उलटा हत्ती."

"नियमात उलटा हत्ती म्हणजे हत्तीच."

"अहो, त्या वजीर बोलल्या!"

"हां मॅडम, मी वजीरच बोलले," सुनीताताईंनी प्रामाणिकपणे साक्ष दिली. वर्कशॉपने कपाळाला हात लावला.

तोंडाने काय म्हटलं ते आम्ही धरत नाही, पटावर काय ठेवलं ते धरतो. मी मोबाइलवर नियम दाखवला. सरांनी चष्मा वर करून तो पुन्हा पुन्हा वाचला. मी हत्ती सुलटा केला, घड्याळ सुरू केलं.

हत्ती तिरका चालत नाही, त्यामुळे राजाला एक घर मोकळं झालं. एकच. सरांनी नाइलाजाने राजा तिथे नेला. ताई पटाकडे बघत राहिल्या. मग "अगं बाई!" म्हणत त्यांनी हत्ती सरळ कोपऱ्यात सरकवला. मात!

पंचाने टाळ्या वाजवायच्या नसतात. मी हात मागे घट्ट धरून ठेवले, इतका आनंद झाला होता.

"डाव जिंकायची चाल म्हणजे वजीर न करता हत्ती करणं," सर हात मिळवत म्हणाले, "आणि ती तुम्हाला करायचीच नव्हती!"

"पन झाली ना, सर," ताई म्हणाल्या आणि चषक घ्यायला उठल्या.

वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागावा, असं मी सगळ्यांना शिकवते. सुनीताताईंनी मागितला असता, तर मी तो लगेच आणून दिला असता आणि त्या हरल्यासारख्याच घरी गेल्या असत्या.