हीटरमधून गार वारा

"मेस्तरी, हीटर जळालाय. गार वाराच येतोय नुसता."

मी बॉनेट उघडायच्या आधीच आप्पांनी निदान करून टाकलं होतं. वरवंडला माझं हायवेला लागून गॅरेज आहे. उन्हाळ्यात एसीसाठी गाड्यांची रांग लागते, पण हीटरची तक्रार घेऊन वर्षात एखादाच येतो. मी चेष्टेनं विचारलं, "आप्पा, काश्मीरला निघालाय का?"

आप्पा हसले नाहीत. "मंडळींचं डायलिसिस चालू हाय. पुण्याला न्यावं लागतं, आन् नंबर सकाळचा. अंधारात निघतो आम्ही. मागच्या खेपेला ती आलीच न्हाई. म्हणती, त्या गारठ्यात मला आता नेऊच नका."

माझी चेष्टा तिथंच आटोपली. डायलिसिस चुकवल्यावर माणसाचं काय होतं, ते मी सासऱ्यांच्या आजारपणात पाहिलं होतं.

आमच्याकडच्या अशा गाड्यांच्या हीटरमध्ये जळण्यासारखं काही नसतं. इंजिन थंड ठेवायला त्यातून कूलंट, म्हणजे ते रंगीत पाणी, फिरत असतं. इंजिनाच्या उष्णतेनं तापलेलं थोडं पाणी डॅशबोर्डमागच्या लहान रेडिएटरमध्ये येतं, आणि ब्लोअर त्याच्यावरून वारा आत फेकतो. एवढंच ते यंत्र.

कूलंट भरलेलं होतं. ब्लोअर ठीक होता. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप हाताला गरम लागत होते, म्हणजे कुठं चोकअप नव्हता. इंजिन चालू ठेवून थांबलो, तर चक्क गरम वारा यायला लागला.

आप्पा ओशाळले. "आता येतोय बघा. रस्त्यावर न्हाई येत वो. खोटं न्हाई सांगत."

खोटं ते बोलतच नव्हते. दुपारच्या उन्हात उभी गाडी आणि पहाटेच्या थंडीत पळणारी गाडी यांत फार फरक असतो. मी गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडताना आप्पांना शेजारी बसवून हायवेला काढली. चौफुला आला तरी टेम्परेचरचा काटा तळाशीच. वारा तर असा गार, की मीच हीटर बंद केला.

माझा संशय थर्मोस्टॅटवर गेला. ही एक लहान झडप असते. इंजिन पुरतं तापेपर्यंत ती पाण्याला पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे सोडत नाही. ती उघडीच अडकली, तर समोरच्या वाऱ्यानं पाणी तापायच्या आधीच निवतं. मग हीटरला ऊब कुठून मिळणार? गॅरेजला परत येऊन मी तिचं झाकण खोललं. आत झडपच नव्हती.

माझं डोकं फिरलं. "कोणत्या गाढवानं काढली ही?"

आप्पा म्हणाले, "मीच काढाय लावली."

शिरूरला एका लग्नाला जाताना, वडगाव रासाईच्या अलीकडं गाडी तापली होती. तिथला मेस्तरी म्हणत होता, आधी रेडिएटरचा फॅन बघतो. पण यांच्यासोबत गाडीत चार जाणकार होते. आमच्या भागात गाडी तापली की प्रत्येकाजवळ एकच औषध असतं, थर्मोस्टॅट काढून टाक. आपल्या हवेला तो लागतोच कशाला! गिऱ्हाईक हटून बसलं की मेस्तरीही काढून देतो.

"मग गाडी तापायची थांबली?" मी विचारलं.

"न्हाई. नंतर फॅनच बदलावा लागला." एवढं बोलून आप्पा टायरवर बसले. "म्हंजी दोन हिवाळे तिला गारठवली ती मीच. वर तिलाच म्हणायचो, काच लाव, शाल घे, नाटकं करू नको."

मी नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, पाइपातली हवा काढली.

पुढच्या खेपेला खात्री करायला मी मागच्या सीटवर बसून कासुर्डीपर्यंत गेलो. आप्पांच्या मंडळी, मावशी, पुढं बसलेल्या, शालीत गुरफटून. यवत मागं पडेपर्यंत गाडी चांगली उबदार झाली होती. मावशींनी हीटरच्या जाळीपुढं हात धरला, मग दुसराही धरला.

"हे आदी का येत नव्हतं?"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. "मी काढून टाकलं व्हतं त्यातलं. मलाच म्हाईत नव्हतं, ते कशाला आसतं."

मावशी भडकतील असं मला वाटलं. त्या हात तसेच धरून बसल्या. "म्हंजी गाडीच गार व्हती व्हय? मला वाटायचं, माझंच अंग निवत चाललंय. म्हणून म्हणत व्हते, आता न्हेऊ नका."

मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मावशी त्यानंतर एकही खेप चुकवत नाहीत. पण आपलं आता संपत आलंय असं मनात धरून त्यांनी जे दोन हिवाळे काढले, ते कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होत नाहीत.

आता कुणी थर्मोस्टॅट काढ म्हणालं, की मी सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक रागावतं आणि पुढच्या गॅरेजला जातं. तिथं लगेच काढून मिळतो.