सईदभाईच्या गादीचा खटला

जानेफळात एके काळी कुजबुज होती की सईद पिंजाऱ्याने मेहकरात बाई ठेवलीय. कोर्टाची तारीख आली की साठीचा हा गडी कडक इस्त्रीचा कुडता चढवतो, कानात अत्तराचा फाया खोचतो, आणि मेहकरच्या स्टँडवर बुरख्यातली एक बाई त्याच्याशेजारी बसून भजी खाते. हे पाहणारे तिघे होते. मी पाहिले नव्हते, पण त्या तिघांपेक्षा रंगवून मीच सांगायचो.

कोर्टाचे प्रकरण मात्र खरे होते. पिंजाऱ्याच्या घरी रीत अशी, की लेकीच्या लग्नाच्या गादीचा कापूस बापाने स्वतः पिंजायचा आणि आईने तो भरून टाके घालायचे. २००४ साली सईदभाईने आसमासाठी पिंजला तो नवा बीटी कापूस. पांढराफेक, लांब धाग्याचा. गावभर दाखवत फिरला. पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून आसमाला तलाक मिळाला. जावयाला तपासायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. पोर डोणगावला मामाकडे राहू लागली.

तेवढ्यात बाजारात कुणीतरी सईदभाईच्या हाती एक पत्रक दिले. बीटीने बोंडअळी मरते, शेळ्या गाभडतात, बायांची कूस सुकते. सईदभाईने ते इतके वाचले की घडीवर फाटले.

"पाच वर्सं पोरगी त्याच गादीवर निजली बे," तो मला म्हणाला. "म्या माह्या हातानं जहर पिंजलं."

"मग बियाणं पेरणाऱ्या माणिकरावाले बारा नातवंडं काऊन झाली?" मी खोडी काढली.

"तो कापूस इकते. त्याच्यावर निजत नाही!"

सईदभाईने बियाणे कंपनीवर दावा लावला. भरपाई मागितलीच नाही. दोष कापसाचा आहे, पोरीचा नाही, एवढे कोर्टाने लिहून द्यावे. तो कागद त्याला जमातीपुढे वाचायचा होता. वकील हसले, पण तारखा पडत गेल्या. चार वर्षांनी कोर्टाने गादीच मागवली. सईदभाई ती एसटीच्या टपावर बांधून घेऊन गेला. कापसात राहिलेली सरकी तपासायला गेली आणि अहवाल आला: हा बीटी कापूस नाहीच, देशी आहे. दावा फेटाळला गेला.

सईदभाई पेटला. "अहवाल बदलला! कंपनीनं लॅबवाले फोडले! मी नागपूरले जातो, हायकोर्टात!"

मी ओट्यावरच बसलो होतो, चहाच्या आशेने. त्याची बायको सलीमा चहा घेऊन आली आणि कप खाली न ठेवताच बोलली.

"कोनी काही बदललं नाही. कापूस म्या बदलला."

"काय?"

"तुमी नमाजले गेल्ते. मले त्या नव्या कापसाचं भेव वाटलं, बाया काहीबाही बोलत. म्या माह्या मायच्या घरचा देशी भरला न् टाके घातले."

"दहा वर्सं बोलली काऊन नाही?"

"तुमचा खटला चालू होता तवर लोक कापसाले नावं ठेवत होते. पोरीले नाही."

सईदभाई नागपूरला गेला नाही. त्या हंगामापासून त्याने पिंजणही उतरवून ठेवले. लोक आता फोमच्या गाद्या आणतात, त्यामुळे कुणाला फरक पडला नाही. पुढच्या ईदला आसमा घरी आली, तेव्हा शेजारच्या तानाबाईने नव्या सुनेला आत बोलावून दार लोटून घेतले. मी समोरच होतो. आसमाने दाराकडे पाहिले आणि ओढणी सारखी केली.

मेहकरात सईदभाईची कुणी बाई नव्हती. बुरख्यात आसमा असायची. दावा तिच्या नावावर होता, म्हणून तारखेला तिला डोणगावहून यावे लागे.