ऑइल कोणं काढलं?

मामा कुणाकडेही गेले की आधी घरात शिरत नसत. अंगणातल्या गाडीचं बोनेट उघडत, डिपस्टिक ओढून रुमालाला पुसत, पुन्हा बुडवून पातळी बघत आणि ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळत. मग यजमानाकडे असं बघत, की त्या बिचाऱ्याला पाणी विचारायचीही लाज वाटावी. माझ्या बहिणीच्या लग्नात ते नव्या सदऱ्यासकट व्याह्यांच्या गाडीखाली शिरले होते. आई आठवडाभर आपल्या या भावाशी बोलली नाही.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या बेअरिंगांना तेल पाजण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर जरीपटक्याला घर बांधलं आणि सगळी माया एका जुन्या डिझेल जीपवर ओतली. मूलबाळ नव्हतं. मामी म्हणायच्या, "सवत असती तं भांडता तरी आलं असतं."

माझ्या वडिलांशी त्यांचं वाकडं होतं ते याच पायी. वडील ऑइल कमी झालं की वरून ओतत, बदलत मात्र नसत. एकदा सीताबर्डीच्या सिग्नलला आमच्या गाडीनं इतका निळा धूर सोडला, की मागचा स्कूटरवाला दिसेनासा झाला. मागच्या सीटवरून मामा शांतपणे म्हणाले, "भाऊजी, काळं होणं हे ऑइलचं कामच आहे. इंजिनची घाण ते अंगावर घेते. पण घेऊन घेऊन थकते ना. मंग पिस्टनच्या रिंगा घासते, अन् इंजिन ऑइल पेते. तुम्ही वरून पाजून राह्यले, अन् ते आतून मरून राह्यलं." वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला. वर्षभरात ते इंजिन खोलावं लागलं.

असा माणूस चुकला, तोही ऑइल बदलतानाच. उन्हाळ्यातली सकाळ होती, मी त्यांच्याकडेच होतो. मामांनी नेहमीसारखं इंजिन गरम करून जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, खालचा बोल्ट आवळला. हात धुवायला आत गेले आणि बाहेर येऊन सरळ जीप घेऊन निघाले. नव्या ऑइलचा डबा ओट्यावर तसाच सीलबंद राहिला. चौकाच्या अलीकडे खडखडाट झाला आणि इंजिन जाम झालं.

जीप ढकलत घरी आणली. मामांनी डिपस्टिक ओढली. कोरडी. त्यांचा चेहरा पार उतरला. "ऑइल कोणं काढलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या नखांत अजून काळं होतं.

मी तोंड उघडणार, तोच मामी पुढे झाल्या. "मीनं. जीप धुता धुता खालचा बोल्ट ढिला झाला माह्याच्यानं."

मामींनी जन्मात पाना हातात धरला नव्हता. शेंबड्या पोरानंही हसावं असं ते कारण. मामांनी ते खरं मानलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं.

मग रोज सकाळी तेच. मामा जीपमध्ये बसायचे, चावी फिरवायचे, खाली उतरून विचारायचे, "ऑइल कोणं काढलं?" मामी म्हणायच्या, "मीनं." मग शेजारपाजाऱ्यांसमोर उद्धार. "तुले अक्कल नाही वं. मारलं ना माह्यं इंजिन." माणसांची नावं गेली, माझं गेलं, आईचंही गेलं, पण हा प्रश्न राहिला. मामी मान खाली घालून ऐकायच्या. मला त्या आजारी माणसाचा राग यायचा, आणि राग आल्याची शरम वाटायची.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. तेरवी आटोपल्यावर मी मामींना म्हणालो, "एक डाव तरी खरं सांगाचं होतं, मामी. काहून एवढं ऐकून घेतलं?"

मामी भांडी विसळत होत्या. हात थांबला नाही.

"सांगतलं होतं एक दिवस. आपल्या हातांकडे पाहत बसले. दिवसभर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी इसरले, अन् पुन्हा तेच इचारलं. आता रोज नव्यानं कसं सांगू त्याइले? माह्यावर चिडले का भूक तरी लागे."