भुताच्या पिक्चरला कुठली बिअर

माझा कुणावर विश्वास नाही, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला माझ्या दारात आला की मी काही विचारायच्या आधीच देवाची शपथ घ्यायचा. भाजीवालीचं पारडं मी उचलून खालून बघायचे, कारण खाली चिंच चिकटवतात हे आईनं मला लहानपणीच शिकवलेलं. नवऱ्यावर मात्र मी बरीच वर्षं संशय घेतला नव्हता. लपवाछपवी करण्याइतकी हुशारी त्यांच्याकडे नाही, अशी माझी समजूत होती.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही डोंबिवलीत राहायचो आणि हे शहाडच्या एका कारखान्यात होते. तिथले त्यांचे एक मित्र आंबिवलीला राहायचे, मी त्यांना भाऊजी म्हणायचे. आदल्या वर्षी भाऊजींची बायको तापाचं निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून महिन्यातल्या एखाद्या रविवारी जेवणं झाली की हे आंबिवलीला निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "त्याच्याकडची पाण्याची मोटर बिघडलीय."

मोटर एकदा बिघडते, दोनदा बिघडते. सारखीच बिघडायला लागली तर माणूस ती भंगारात देतो. शिवाय ज्यांना घरातला फ्यूज बदलता येत नाही ते आंबिवलीला जाऊन मोटर काय दुरुस्त करणार? जाताना माझ्याकडून सुकटीची चटणी डबा भरून न्यायचे आणि येताना तोंडात बडीशेप असायची. हा माणूस हॉटेलातसुद्धा बडीशेपेला हात लावत नसे.

"मोटर सुकट खाते का हो?" मी एकदा विचारलंच.

"अगं, एकटा असतो तो. खाण्याचे हाल होतात."

बाई. दुसरं काही असूच शकत नव्हतं. तरी एक गोष्ट माझ्या हिशोबात बसत नव्हती. त्या रविवारी घरी आले की हे भित्रे झालेले असायचे. चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला होता. एरवी अंधारात बिनधास्त जाणारा माणूस मला म्हणायचा, "तू जरा दारात उभी राहा ना." बाईच्या नादी लागलेला नवरा शीळ घालत घरी येतो, मारुतीचं नाव पुटपुटत येत नाही. मग मला वाटलं, तिचा नवरा तापट असेल. या विचारानं मला दोन घास कमी जायला लागले. हसू नका. संसार मोडला तर मी कुठे जाणार होते?

शेवटी एका रविवारी हे निघाले आणि त्यांच्या मागच्या गाडीनं मीही निघाले. आंबिवलीला उतरले तेव्हा ऊन नुसतं रणरणत होतं. आणि भाऊजींच्या खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दाराशी पोचले तर आतून बाईची किंकाळी. कडीकडे नेलेला हात मी मागे घेतला. दुसरी किंकाळी आली तेव्हा मात्र मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार ह्यांनी उघडलं. हातात ग्लास, चेहरा पांढराफटक. आत अंधार होता आणि टीव्हीवर एक केस सोडलेली बाई विहिरीतून वर येत होती. भाऊजी तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडे वळून बसलेले. "गेली का रे ती?" ते टॉवेलातूनच विचारत होते.

"गेली नाही, आली," मी म्हटलं.

शेजारी भाड्यानं आणलेला व्हीसीआर, स्टुलावर बिअरच्या बाटल्या आणि माझी सुकट. बिअर बघून मला राग यायला हवा होता, पण माझं लक्ष ग्लासांवर गेलं. माणसं दोन. एक ग्लास ह्यांच्या हातात, एक भाऊजींच्या पायाशी. आणि तिसरा रिकाम्या खुर्चीसमोर, काठोकाठ भरलेला.

"कोण आहे ती?" मी स्वयंपाकघरात बघितलं, मोरीत बघितलं, पलंगाखाली वाकले. हे मागून "अगं, ऐक तरी" करत फिरत होते. भाऊजींनी टॉवेल बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तो ग्लास तिचा आहे. माझ्या बायकोचा."

मग मोटरीची खरी हकिगत कळली. भाऊजींची बायको ठाण्याच्या टेंभी नाक्याची, हसरी, अघळपघळ. तिला भुताचे पिक्चर आवडायचे आणि त्याबरोबर बिअर. रविवारी दुपारी दार लावून दोघं बसायची. कुठल्या भुताला कुठली बिअर, हे तिचं ठरलेलं. हवेलीचं हिंदी भूत असेल तर स्ट्राँग, कारण गाणी आली की घाबरण्याची मेहनत वाया जाते. इंग्रजी असेल तर साधी, कारण डोकं ताळ्यावर लागतं. आणि भूत बाईचं असेल तर साधीच, चिमूटभर मीठ घालून. "का, ते तिनं कधी सांगितलं नाही," भाऊजी म्हणाले. ते स्वतः महाभित्रे. भीतीदायक काही आलं की टॉवेल घ्यायचे, आणि ती पडद्याकडे बघत सांगायची, "थांब... अजून नाही... हां, गेलं. आता बघ."

हे सगळं घरच्यांपासून लपवलेलं. भाऊजींच्या आईला कळलं असतं तर सुनेला बोल लागला असता.

दहाव्याला शहाडच्या नदीकाठी पिंड ठेवला. समोर झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. भाऊजींच्या आईनं हात जोडले, तिच्या वडिलांनी जोडले, भाऊजींनी दुसरं लग्न न करण्याचं वचन दिलं. कावळा हलेना. "मला कळत होतं तिला काय हवंय ते," भाऊजी म्हणाले. "पण गुरुजींसमोर, आईसमोर, तिच्या वडिलांसमोर कसं म्हणू, की बिअर आणा?" शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी गेली.

तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलेलं, की ती अडकली आहे. "पिक्चरमध्ये अशा बाईला शेवटी कुणीतरी सोडवतं ना वहिनी? ते कसं सोडवतात, ते बघतो. पण नेमकं तेव्हाच माझ्या तोंडावर टॉवेल असतो. आणि हा सांगत नाही, कारण ह्यानंही डोळे मिटलेले असतात."

मला रडू आलं आणि त्याच वेळी नवऱ्याचा भयंकर रागही आला. "मला का नाही सांगितलंत?"

"त्यानं शपथ घातलेली," हे म्हणाले. "आणि तू तर सगळं तपासतेस."

मी पदर खोचला. "पितृपंधरवडा येतोय. दहाव्याला बिअर ठेवली नाही ना, मग आता ठेवू."

सर्वपित्री अमावास्येला आम्ही आंबिवलीला गेलो. मी वडे केले, खीर केली, आणि पानात सुकटही वाढली. सासूबाई असत्या तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. बिअर साधी आणली, द्रोणात ओतली, चिमूटभर मीठ टाकलं. भर दुपारी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही तिघं मागे सरलो.

समोरच्या तारेवर कावळा होताच. तो मान तिरकी करून पानाकडे बघायला लागला तशी भाऊजींनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि ते भिंतीकडे वळले. ह्यांचेही डोळे मिटलेले. बघणारी मी एकटीच उरले.

"थांबा," मी म्हटलं. "अजून नाही."

कावळा कठड्यावर उतरला. दोन उड्या मारून पानाशी आला. द्रोणाकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. सुकट उचलली, आणखी उचलली, आणि उडाला. सुकटीला कावळा कुठेही येतो, आमच्या चाळीतही यायचा. द्रोणातल्या बिअरला चोच लागली नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"वहिनी," टॉवेलातून आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. "द्रोणाला शिवला का?"

"शिवला."

"नक्की?"

"हां, गेला. आता बघा," मी म्हटलं. "आणि भाऊजी, मी तपासल्याशिवाय कधी काही बोलते का?"