निरोगी माणसाचं काम

त्याचा धंदा फोटोचा. बसस्टँडमागच्या गल्लीत एक खोली, त्यात एक निळा आणि एक पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि गिऱ्हाइकांना केस सारखे करायला आरसा. पासपोर्ट, नोकरीचे अर्ज, ओळखपत्रं यांचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली होती. पण गल्लीत त्याला फोटोग्राफर म्हणून कुणी हाक मारत नसे. चहावाला, शेजारचा झेरॉक्सवाला, इतकंच काय, सख्खा मेहुणासुद्धा त्याला ‘पेशंट’ म्हणायचा. आणि हा लेकाचा त्या हाकेला ओ द्यायचा, वर खूशही व्हायचा.

त्याला कारण होतं. गावच्या वैद्यकीय कॉलेजात दरवर्षी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी मेंदूच्या ज्ञानाची स्पर्धा भरते. आजूबाजूच्या सगळ्या भागातून मुलं येतात. पहिली फेरी लेखी. दुसऱ्या फेरीत काचेच्या बरण्यांतले खरे मेंदू मांडतात आणि टाचणी कुठल्या भागाला टोचलीय ते ओळखायला सांगतात. तिसरी फेरी पेशंटची. एका लांब खोलीत पडदे लावून कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यात एक खोटा पेशंट बसवतात. मुलांनी एकेकट्यानं आत जायचं, त्याला चालवून बघायचं, प्रश्न विचारायचे आणि आजार ओळखून चिठ्ठी पेटीत टाकायची. हे पेशंट म्हणजे गावातलेच हौशी लोक, आणि त्यात आपला हा सगळ्यांत हौशी.

खरं तर पहिल्यांदा तो तिथं फोटो काढायला गेला होता. एक पेशंट ऐन वेळी आला नाही, म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी यालाच खुर्चीत बसवलं. त्यानं अर्धं अंग लुळं पडल्याचं सोंग असं वठवलं की तेव्हापासून त्याची खुर्ची कायमची झाली. एका वर्षी तो वस्तूंची नावं विसरला, एका वर्षी दारू न पिता झोकांड्या खाल्ल्या. कंपवाताच्या वर्षी तर त्यानं हात असा थरथरवला की पाणी घेऊन आलेल्या नर्सनं धावत जाऊन स्टूल आणलं. घरी येऊन तो हे सगळं पुन्हा करून दाखवायचा आणि बायकोचा जीव वर-खाली व्हायचा. आजाराची नक्कल करू नये, असल्या गोष्टी घर बघून ठेवतात, असं ती म्हणायची. तो तिची थट्टा करायचा.

यंदा बाईंचा फोन आला तो नेहमीपेक्षा वेगळा होता. काका, यंदा तुम्ही निरोगी माणूस, असं त्या म्हणाल्या. मुलांना जो तो आजारी दिसायला लागलाय, धडधाकट माणूस समोर बसला तर ओळखता येतो का ते बघू या, अशी त्यांची कल्पना होती. ह्याचं तोंड वाकडं झालं. एवढा कसलेला नट, आणि त्याला म्हणे काही करायचं नाही! मग कुणालाही बसवा की, असं तो म्हणाला. त्यावर बाई म्हणाल्या की काहीच न करणारा माणूस मिळणं सगळ्यांत अवघड. तेवढ्यावर स्वारी पाघळली.

स्पर्धेच्या सकाळी तो बरण्यांच्या ओळीमधून आत गेला. रंग उडालेले मेंदू पाण्यात स्वस्थ बसले होते. दरवर्षी त्यांना बघून काहीतरी चावट बोलायची त्याची सवय, पण या खेपेला तो तसाच पुढं गेला. त्याचा कप्पा शेवटचा, भिंतीजवळचा. खुर्चीत बसून त्यानं हात मांडीवर ठेवले आणि निरोगी व्हायला सुरुवात केली.

घंटा झाली आणि एक उंच, चष्मेवाला मुलगा आत आला. त्यानं याला चालायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. मग मुलगा याच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. जाता जाता त्यानं विचारलं, सकाळी चहाचा वास येतो का? सर्दी असते अलीकडे, असं यानं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

घंटा झाली. दुसऱ्या खेपेला एक मुलगी आली. तिनंही चालवलं, लिहायला लावलं, उजव्या हाताकडं बघितलं आणि वासाचं विचारलं. तिसऱ्यानं विचारलं. चौथ्यानंही विचारलं. कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं, मुलांना वेगवेगळ्या दारांनी आत-बाहेर करत होते, फोन काढून घेतले होते. तरी पडदा बाजूला व्हायचा, नवा चेहरा आत यायचा आणि तेच प्रश्न त्याच क्रमानं यायचे. दरवर्षी मुलं आजार ओळखला की गालात हसायची, आपण सापडलो म्हणून यालाही गंमत वाटायची. यंदा कुणी हसत नव्हतं. बाहेर जाताना मुलं पडदा अगदी हळू ओढून घेत होती, जसा झोपलेल्या माणसाच्या खोलीचा ओढतात.

त्याला भीती वाटायला लागली. त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. हात गुमान पडला होता. कंपवात त्यानं स्वतः वठवलेला, त्यात हात थरथरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि हा तर ढिम्म हलत नव्हता. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. पण मन एकदा भरकटलं की भलत्याच गोष्टी पुढं आणून ठेवतं. कॅमेऱ्यामागून तो लहान पोरांना उंदराचं तोंड करून दाखवायचा आणि पोरं खुदकन हसायची. वर्षभरात एक पोर हसलं नव्हतं. टक लावून बघायची. एकीनं तर आईच्या मानेत तोंड खुपसून टाहो फोडला होता. हल्लीची पोरं मोबाइलवर वाढलेली, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. बायको सारखी विचारायची, रागावलाय का? आणि परवा तो स्वयंपाकघरात बसलेला असताना गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं होतं, बायको जिन्यावरून ओरडत आली तेव्हा त्याला कळलं.

शेवटची मुलगी दोन वेण्यांची होती. तिनं वासाचं विचारलं नाही. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखं भरभर उघडा-मिटा, असं तिनं सांगितलं. डावा हात टपाटप चालला. उजव्याची चिमूट आधी मोठी होती, मग लहान झाली, मग आणखी लहान, आणि शेवटी बोटं एकमेकांना चिकटून नुसती राहिली. त्यानं जोर लावला. बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी ऐकेनात. मुलीनं चिठ्ठी लिहिली, उठली आणि पडद्यापाशी थांबली.

“काळजी घ्या हं, काका,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत कुठल्याच मुलानं त्याला काळजी घ्यायला सांगितलं नव्हतं.

फेरी संपल्यावर तो परीक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला. आत वाद पेटला होता. एका मुलानं चिठ्ठी कोरी टाकली होती, बाकी सगळ्यांनी शेवटच्या पेशंटपुढं एकच शब्द लिहिला होता: पार्किन्सन, म्हणजे तोच कंपवात. उत्तर तर ‘निरोगी’ होतं. बाईंच्या जोडीला एक जाडजूड प्राध्यापक परीक्षक होते, ते हटूनच बसले होते. इतकी मुलं तीच चूक करतात म्हणजे हा सरळसरळ कॉपीचा प्रकार, सगळ्यांना बाद करा आणि शाळांना तसं कळवा, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. मग दार उघडून त्यांनी याला आत बोलावलं.

“काका, जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन परत या.”

तो गेला आणि आला. डावा हात चालीबरोबर मागं-पुढं होत होता. उजवा पँटच्या शिवणीला लागून तसाच होता. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि ते खाली बघत बसले.

“तुम्ही मुलांसमोर काही करत होतात का?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना, काही करू नका. मी काहीच नाही केलं.”

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. सगळ्यांचा हात आधी थरथरतोच असं नाही, कुणाचा आधी वास जातो, कुणाचं अक्षर बारीक होतं, कुणाचा चेहरा हलेनासा होतो, असं त्यांनी सांगितलं. उद्या दवाखान्यात या, नीट तपासू, औषधं चांगली आहेत, बरीच वर्षं कामं करता येतात. त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि त्याच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं होतं. त्याला एकच विचारायचं होतं, आणि विचारायची लाजही वाटत होती.

“सोंग आणलं म्हणून येतो का हो हा?”

“नाही, काका. अजिबात नाही.”

त्यानं मान हलवली. बाई शिकलेल्या, त्यांचं खरंच असणार. तरी कंपवाताच्या वर्षीचा आपला थरथरणारा हात त्याला आठवत राहिला, आणि खुर्चीतून उठताना आपण तो नक्की पूर्ण थांबवला होता का, हे काही केल्या आठवेना.

मग मुलांचं काय करायचं ते निघालं. कारण न देता उत्तर बदललं तर नियम मोडतो, आणि कारण द्यायचं तर ह्याचा आजार भरल्या सभागृहात सांगावा लागणार. तुमच्या परवानगीशिवाय एक शब्द बोलणार नाही, असं बाई म्हणाल्या. मुलं बाहेर ताटकळली होती. कॉपीची कुजबुज त्यांच्या कानांवर गेली असावी, दोन वेण्यांची मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी असलेली त्याला दारातून दिसली. 

“पोरांना चोर ठरवू नका,” तो म्हणाला. “उत्तरांच्या यादीत चूक झाली म्हणा. मला आधीपासून तोच आजार दिला होता म्हणून सांगा. उगीच बाकीचं कशाला.”

सभागृह भरलं होतं. बाईंनी माइकवर सांगितलं की शेवटच्या पेशंटचं उत्तर छापताना चूक झाली होती, पार्किन्सन हेच उत्तर बरोबर आहे, ते लिहिणाऱ्या सगळ्यांना पूर्ण गुण. त्यांचा आवाज जरा कापला, पण पालकांच्या जल्लोषात ते कुणाला कळलं नाही. इतका अस्सल अभिनय, थरथर न दाखवता केलेला, असं जो तो म्हणायला लागला! मागच्या रांगेतून कुणीतरी ‘पेशंट, पेशंट’ म्हणून आरोळी दिली. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. फक्त पुढच्या दोन रांगांत बसलेली स्पर्धेची मुलं टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती.

प्राध्यापकांनी त्याला हाताला धरून मंचावर नेलं. आयुष्यात एवढ्या टाळ्या त्याला कधी मिळाल्या नव्हत्या. पोरं सुटली याचा आनंद होता, उद्याची धास्ती होती, बायकोला काय सांगायचं हा घोर होता, आणि हे सगळं गिळून तो लोकांकडं बघून मनापासून, तोंड भरून हसला.

कॅमेरेवाल्यानं त्याचा चेहरा समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर घेतला. त्यानं मान वर करून पाहिलं. पडद्यावर एक माणूस पापणी न हलवता उभा होता. टाळ्या वाढल्या तसा तो आणखी हसला. पडद्यावरच्या माणसानं काहीच केलं नाही.